ऑगस्टमध्ये कोसळलेले तारे

१ फेब्रुवारी २००५, मंगळवार

आनंद झाला की मला लगेच कुणाला तरी सांगावं लागतं, आणि नवरा, निवाल्दो, पेरू आणायला गेलाय. म्हणून ही वही. शाळेच्या कपाटात पडून होती. पहिल्या चार पानांवर कुणाचा तरी भूगोल होता, तो फाडला.

कॉम्प्युटरवर बहात्तर तारे कोसळवून झाले! आज संशोधन संस्थेत सगळ्यांसमोर निकाल मांडला आणि टाळ्या पडल्या. खऱ्या टाळ्या, कॉफी आली म्हणून वाजवलेल्या नव्हेत.

अकरावीच्या पोरांना सांगते तसंच तिथेही सांगितलं. मेलेल्या ताऱ्याच्या गाभ्यातला साखरेच्या खड्याएवढा तुकडा घ्या. न्यूट्रॉन ठासून भरलेले आणि आरपार प्रचंड चुंबकीय क्षेत्र. क्षेत्राच्या दिशेने दाब एक, आडव्या दिशेने दुसरा, म्हणून तुकडा सगळीकडून सारखा दबत नाही. आता आइन्स्टाइनच्या समीकरणांच्या हवाली करा आणि कोसळू द्या. शेवटी काय उरतं? चहूबाजूंनी आवळत बिंदू, की आडवा आवळत आणि लांब होत जाऊन रेषा? आमच्या धंद्यातले लोक त्या रेषेला चिरूट म्हणतात. हवानात आणखी काय म्हणणार?

माझं उत्तर असं. क्षेत्र कमी असेल तर बिंदू. एका मर्यादेपलीकडे गेलं की रेषा. मर्यादा इतकी स्वच्छ की आलेखावर पट्टी ठेवून रेघ ओढावी. तीच मर्यादा प्रबंधाच्या नावात घातली आहे. दोन तारे तेवढे बिनसले, एक ऑगस्टमधला आणि एक जानेवारीतला. त्यांना तळटीप दिली.

कामाची शिस्तही सांगितली. जुलैत सगळ्यात दुबळ्या क्षेत्रापासून सुरुवात, मग एकेक पायरी वर, जानेवारीत सगळ्यात जोरकस. चोवीस वर्षं पोरांच्या वह्या तपासल्यात, मला गबाळेपणा खपत नाही.

डॉक्टर लिओनिदेस बारोसो, माझे मार्गदर्शक, वय एकाहत्तर, सगळे गेल्यावर टोपी चाचपत म्हणाले, "छान. शून्य पाहिलंस का?"

या हिशेबात एक राशी असते, ती पहिल्यापासून शेवटपर्यंत शून्यच राहायला हवी. ताप बघतात तशी बघायची. ती मी प्रत्येक ताऱ्याच्या सुरुवातीला बघते. म्हटलं, "पाहिलं डॉक्टर."

८ फेब्रुवारी

डॉक्टरांनी आज पुन्हा विचारलं, "शून्य पाहिलंस का?" गेल्या मंगळवारीच सांगितलं होतं. वय झालं. मी सावकाश आणि मोठ्याने सांगितलं, "पा-हि-लं." त्यांनी मान हलवली.

१ मार्च

तारीख ठरली. १४ जूनला पूर्वमौखिकी, पाच जणांसमोर. त्यात पास झाले तरच पुढे खरी मौखिकी. आमच्याकडे बाहेरच्या परीक्षकाला सरळ विरोधकच म्हणतात, आणि माझ्या विरोधक आहेत सांता क्लाराच्या डॉ. आर्हेलिया मोनसोन. त्यांनी गेल्या वर्षी एका उमेदवाराला रडवून पाणी प्यायला दिलं आणि मग पुन्हा रडवलं, असं ऐकते.

जूनअखेर माझी पीएचडीची नोंदणी संपते आणि जूनअखेरच डॉक्टर निवृत्त होतात. मी त्यांची शेवटची विद्यार्थिनी. त्यामुळे जे काय व्हायचं ते १४ जूनलाच. एकोणपन्नासाव्या वर्षी पुन्हा पहिल्यापासून नोंदणी करायची ताकद माझ्यात नाही, हे इथे लिहून ठेवते. बाहेर कुणाला सांगणार नाही.

५ एप्रिल

निवाल्दोशी भांडण. कारण त्याची वही.

साखर कारखान्यात तो तीस वर्षं पाळीच्या नोंदी लिहायचा. कारखाना बंद झाला, सवय काही बंद झाली नाही. आता घरी फ्रीजमध्ये पेल्यांत पेरूचं सरबत गोठवून खिडकीतून विकतो, आणि लाइट गेली की लिहितो. किती वाजता गेली, किती वाजता आली, किती पेले वितळले. गेल्या जूनपासूनचा इतिहास आहे. मी म्हटलं, "या बखरीचं करायचं काय?"

"तू तारे लिहितेस, मी लाइट लिहितो. तुझं वाचायला पाच माणसं येणार, माझं वाचायला एकही नाही. भांडतेस कशाला?"

"टेबलावर जागा अडते म्हणून!"

तो वही घेऊन फ्रीजवर ठेवून आला. मग त्याने तळलेले केळ्याचे काप खाल्ले. छान झाले होते, पण मी सांगितलं नाही.

१९ एप्रिल

डॉक्टरांनी चौथ्यांदा विचारलं. शून्य. मी संस्थेच्या सेक्रेटरीला हळूच म्हटलं, त्यांच्या बायकोच्या कानावर घाला, मासे जास्त खाऊ घाला म्हणावं. ती म्हणाली, "डॉक्टर? अहो, काल त्यांनी माझ्या पोराच्या वाढदिवसाची तारीख सांगितली मला!" जुनं आठवतं आणि नवं विसरतं, असंच असतं या वयात.

३ मे

उकाडा सुरू आणि लाइटचे नखरेही. वरच्या मजल्यावरची ओदालिस आज जिन्यात भेटली. म्हणाली, "नेरेइदा, तुझा नवरा वेडा आहे का गं? काल लाइट आली तेव्हा तो खाली कोपऱ्यावर डॉमिनो खेळत होता. हातातला डाव टाकून जिने चढत पळाला. मला वाटलं, फ्रीजसाठी. तर खोलीत जाऊन कॉम्प्युटरसमोर!"

त्यात काय वेडं? मीच शिकवलंय त्याला. आकृत्यांसाठी एखादा तारा अजूनही चालू असतो. संस्थेने दिलेला कॉम्प्युटर घरी आहे, मी दिवसा शाळेत. एक तारा कोसळायला नऊ-दहा तास लागतात. प्रोग्रॅम दर दहा मिनिटांनी फाइलमध्ये जमा करतो. लाइट गेली की सगळं बंद. आली की ‘पुढे’ असा शब्द टाइप करायचा, फाइलमधून पुढचं सुरू. एवढं तर माझा अकरावीतला ढ पोरगाही करेल. पण डाव टाकून पळायची काही गरज नाही. पडेल एखाद दिवशी.

१० मे

सहाव्यांदा! आणि आज एकट्यात नव्हे, दोन सहकाऱ्यांसमोर. "शून्य पाहिलंस का, नेरेइदा? शेवटपर्यंत?"

डोक्यात तिडीक गेली. ठरवलं की बहात्तरही ताऱ्यांचं शून्य, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, कागदावर छापून त्यांच्या टेबलावर आदळायचं. म्हणजे पुन्हा विचारायला नको.

१४ मे, शनिवार

आजचं सगळं जसं झालं तसं लिहिते.

सकाळी शून्याचे आलेख काढायला बसले. पहिला जुलैमधला. सरळ रेघ, शून्यावर, आणि मग अचानक पायरी. पुढे सरळ, मग आणखी एक पायरी. पायऱ्या बारीक, पण शून्याला पायऱ्या नसतात. दुसरा काढला, तीन पायऱ्या. ऑगस्टमधल्या एकाला पाच, दुसऱ्याला दोन. जानेवारीतल्या दोन-तिघांना एकही नाही. वाटलं, क्षेत्र कमी असताना हिशेब बिघडतो की काय?

निवाल्दो कॉफी ठेवायला आला आणि वाकून बघत राहिला.

"हे तेरा ऑगस्टचं का?"

"तुला काय कळतंय त्यातलं?"

"खाली वेळ छापली आहे ना. अकरा वीसला एक पायरी, पाच दहाला दुसरी. त्या दिवशी लाइट दोनदा आली. अकरा वीसला आणि पाच दहाला. चाळीस पेले गेले माझे."

तो फ्रीजवरून वही घेऊन आला आणि आम्ही दोघं बसलो. तो तारीख वाचत गेला, मी पायऱ्या मोजत गेले. एकही चुकली नाही. जेवढ्या वेळा लाइट आली तेवढ्या पायऱ्या. मग तळटीपेतले दोघे काढले. ऑगस्टमधला एकुलता एक रेषा झालेला तारा एकवीस तारखेचा. निवाल्दोच्या वहीत त्या दिवशी एकच ओळ, ‘आज गेली नाही!’ आणि जानेवारीतला एकुलता एक बिंदू? एकोणीस जानेवारी, सकाळी कोपऱ्यावरचा ट्रान्सफॉर्मर उडाला होता.

मग फाइल उघडली. तिच्यात दशांशानंतर चारच आकडे लिहिलेले. खरा तारा कधी अगदी समतोल नसतो, म्हणून प्रत्येकाला मी सुरुवातीला चुंबकाच्या दिशेने केसभर ताण देते. शून्य पॉइंट, मग चार शून्यं, मग तीन. फाइलीत पोहोचतात ती चार शून्यं. तीनचा आकडा बाहेरच. सकाळी, ताण अजून वाढलेला नसताना लाइट गेली की परत सुरू होतो तो ताण नसलेला तारा, आणि तो बिचारा बिंदूच होणार.

म्हणजे माझी मर्यादा चुंबकाची नव्हेच. दुबळी क्षेत्रं जुलै-ऑगस्टच्या उन्हाळ्यात घेतली, लाइट जायच्या दिवसांत, आणि जोरकस हिवाळ्यात. मी मोठ्या शिस्तीने उन्हाळा आणि हिवाळा यांच्यामध्ये पट्टी ठेवून रेघ ओढली!

खूप रडले. निवाल्दो म्हणाला, "मी चुकीचं टाइप करत होतो का?"

"नाही रे. तू अगदी बरोबर टाइप करत होतास."

१५ मे, रविवार

दिवसभर एकच विचार. कुणाला कळणार नाही. आलेख सुंदर आहे. मोनसोनबाई काही माझ्या घरी येऊन निवाल्दोची वही मागणार नाहीत. एक महिना गप्प राहिले की डॉक्टर सुखाने घरी जातील, मी डॉक्टर होईन. हे मी खरंच एक तासभर मनात घोळवलं. न लिहिता राहिले असते तर बरं वाटलं असतं, पण मग ही वही कशासाठी?

मग अकरावीतला योएल आठवला. त्याने प्रयोगाचे आकडे शेजाऱ्याच्या वहीतून उतरवले म्हणून मी त्याला फळ्यासमोर उभं केलं होतं. ‘चूक असली तरी तुझी स्वतःची दाखव,’ असं त्याला सुनावलं होतं. फार ऐटीत.

१७ मे, मंगळवार

डॉक्टरांकडे गेले. आलेख त्यांच्या टेबलावर ठेवले, आदळले नाहीत. सगळं सांगितलं.

ते बराच वेळ पायऱ्यांवरून बोट फिरवत होते. मग डोळे मिटून म्हणाले, "अखेर!" तेवढ्यात सेक्रेटरी कॉफी घेऊन आली होती. सकाळपासून वाट बघत असणार बिचारे.

मी म्हटलं, "ही फाइल लिहायची युक्ती मला प्रोग्रॅमबरोबरच मिळाली. इथे विरजणासारखी एकाकडून दुसऱ्याकडे जाते. कोणत्या गाढवाने चारच आकडे लिहायचं ठरवलं देव जाणे!"

"गाढवच असणार," डॉक्टर म्हणाले. त्यांनी कॉफीत साखर घातली, ढवळली, आणि पुन्हा साखर घातली.

"मर्यादा गेली डॉक्टर. प्रबंधाचं नाव गेलं. सगळे तारे पुन्हा करायला दोन-तीन महिने लागतील. नोंदणी जूनमध्ये संपते आणि तुम्हीही..."

"चौदा जूनपर्यंत किती होतील?"

"रोज एक. पंचवीस-सव्वीस. लाइट गेली तरी आता सोळा आकडे लिहीन."

"मग सव्वीस घेऊन उभी राहा. आणि तुला जे कळलं ते सगळं सांग. काही झाकू नकोस, माझ्यासाठीसुद्धा नाही."

त्यांच्यासाठी मी कशाला काही झाकेन? पण मोठ्या माणसांना असं बोलायची सवय असते.

२९ मे

बारा तारे झाले. बाराही रेषा. यावेळी चिठ्ठ्या टाकून क्रम काढला, चिठ्ठ्या निवाल्दोने उचलल्या. तो म्हणतो, लॉटरी लागल्यासारखं वाटतं. दुबळं क्षेत्र असो नाही तर जोरकस, लाइट शून्य वेळा जावो की चार वेळा, रेषाच. फक्त वेळ कमी-जास्त. शून्याचे आलेख सपाट, न्हाऊन आल्यासारखे.

गंमत म्हणजे मला आता बरं वाटतंय. झोप लागते. केळ्याचे काप छान झालेत हे आज सांगून टाकलं. तो इतका चकित झाला की त्याने विचारलं, "ताप आहे का?"

१४ जून, मंगळवार

क्रमाने लिहिते, नाहीतर सगळं एकदम येईल.

खोलीत पाच जण, पंखा एक, आणि तोही अध्यक्षांच्या बाजूला. मी आधी जुना आलेख दाखवला, पट्टीची रेघ आणि सगळं. मोनसोनबाई मान डोलवत होत्या. मग त्याच्याच खाली निवाल्दोच्या वहीतून केलेला तक्ता लावला आणि सांगितलं, ही रेघ आमच्या गल्लीतल्या लाइटची आहे. कोणीतरी हसलं. मग नवे सव्वीस. सगळ्या रेषा. ताण अगदी शून्य असेल तरच बिंदू, केसभर असेल तर चिरूट. "माझ्याकडे आता मर्यादा नाही," मी म्हटलं, "एवढंच आहे."

मोनसोनबाईंनी चष्मा काढला. "बाई, मी तुमचा प्रबंध दोनदा वाचला. जुना. अभिनंदनाचा अहवाल लिहून आणला होता, हा बघा." त्यांनी कागद उलटा करून ठेवला. "मला काहीही सापडलं नव्हतं. आता सांगा, चार आकड्यांची ही युक्ती कुणाची? कारण माझ्याकडेही तीच आहे. आमच्याकडे सगळेच ती वापरतात."

प्रत्येक जण मनातल्या मनात आपापले लेख आठवत होता, ते तोंडावर दिसत होतं. अध्यक्षांच्या ओठांची हालचाल चालली होती.

डॉक्टर बारोसो उठले. मार्गदर्शकाने बोलायची पाळी अजून आली नव्हती.

"माझी," ते म्हणाले. "मार्च त्र्याण्णव. संस्थेत तीन फ्लॉपी होत्या, त्यांतली एक खराब. लाइट सोळा-सोळा तास नसायची. सोळा आकडे लिहिले की फ्लॉपी भरायची, म्हणून मी चार केले. नंतर फ्लॉपी मिळाल्या, पण आकडे वाढवायचं राहून गेलं." त्यांनी टोपी चाचपली. "माझा चौऱ्याण्णवचा निकालही त्याच फाइलींतून आलाय. ज्याला तुम्ही सगळे माझ्या नावाने ओळखता, तो. हे इतिवृत्तात लिहून घ्या."

बारोसो-मर्यादा! माझ्या अकरावीच्या पोरांनाही मी ती सांगते. जमीन दुभंगून मला पोटात घेईल तर बरं, असं झालं. गाढव म्हणाले होते मी, त्यांच्या तोंडावर!

आम्हाला बाहेर काढलं. वऱ्हांड्यात निवाल्दो त्याचा एकुलता एक चांगला शर्ट घालून उभा. अर्ध्या तासाने आत बोलावलं. पाचही मतं बाजूने. प्रबंधाच्या नावातली मर्यादा काढायची, सगळे तारे पुन्हा करायचे, मौखिकी नोव्हेंबरमध्ये. पूर्वमौखिकी झाली म्हणजे नोंदणी आपोआप वाढते, हे अध्यक्षांनी सांगितलं, आणि निवृत्त माणसाची सहीही चालते. चार महिने मी उगाच जीव टांगून घेतला होता.

घरी येताना उंटासारख्या दोन मदारी असलेल्या ट्रक-बसच्या गर्दीत निवाल्दो म्हणाला, "तुझे डॉक्टर धीराचे."

धीराचे आहेतच. पण बिचारे विसरतातही किती बघ. युक्ती आपलीच आहे हे त्यांना नेमकं आज आठवलं.

२५ जून, शनिवार

डॉक्टर सकाळी आठला आमच्याकडे आले. घामाघूम. हातात चौऱ्याण्णवचे कागद. त्यांचा तारा माझ्या ताऱ्यांहून साधा, न्यूट्रॉनांऐवजी इलेक्ट्रॉनांचा, पाच-सहा तासांत संपणारा. मीच आकडे भरले. ते डोलखुर्चीत बसून राहिले. निवाल्दोने पेरूचा पेला दिला तो चाटत होते. म्हणाले, "हे तुम्ही विकता? मग फुकट कसं?"

"परीक्षकांना फुकट," निवाल्दो म्हणाला.

दहाला लाइट गेली. मी हळहळले, डॉक्टर मात्र खुशीत. "बरं झालं. आता खरी परीक्षा." दोघं पुरुष कोपऱ्यावर डॉमिनो खेळायला गेले. बाराला आली. निवाल्दो जिने चढत आला आणि त्याच्यामागे डॉक्टरही, कठडा धरून. निवाल्दोने ‘पुढे’ टाइप करायला हात पुढे केला, मग बाजूला सरला. डॉक्टरांनी एका बोटाने, एकेक अक्षर शोधत टाइप केलं.

साडेतीनला संपला. शून्य सपाट. तारा रेषा. चौऱ्याण्णवच्या कागदावर तो बिंदू होता.

अकरा वर्षं त्यांच्या नावाने चाललेली गोष्ट आमच्या बैठकीच्या खोलीत संपली होती. मी फक्त एवढंच म्हटलं, "डॉक्टर, मला फार वाईट वाटतंय."

"मला नाही," ते म्हणाले. "मला हलकं वाटतंय. आधी एक कोरा कागद दे."

त्यांनी नियतकालिकाच्या संपादकाला पाच ओळी लिहिल्या. आमचा निकाल चुकीचा होता, कारण हे, बरोबर उत्तर हे. मग कागद माझ्यापुढे सरकवला, वही तपासायला द्यावी तसा. मी वाचला. एक शब्दही बदलावासा वाटला नाही. त्यांनी खाली सही केली, पण कागदाच्या अगदी तळाशी. मधे दोन बोटं जागा मोकळी होती.

"इथे काय?" मी विचारलं.

"तुझी सही. ज्याने चूक शोधली त्याचं नाव आधी. ज्याने केली त्याचं नंतर."

"माझी? तुमच्या वर?"

"लवकर कर. निवाल्दो लिफाफा शोधतोय, आणि मला सहाची बस पकडायची आहे."

मी सही केली. अक्षर वाकडं आलं, पण नाव वाचता येतंय.